चाकाचा अपराध की वाटेचा?

विद्यार्थी मित्रहो, समजा उद्या तुमच्या शाळेच्या वादविवाद स्पर्धेत असा विषय निघाला : ‘राखीव जंगलातील डोंगरवाटांवर सायकलींना मज्जाव असावा.’ अनुकूल बाजूचा विद्यार्थी उठेल आणि सांगेल, की चाकांनी माती उखडते, रोपे चिरडतात, प्राणी बुजतात. प्रतिकूल बाजूचा सांगेल, की सायकल धूर सोडत नाही, गोंगाट करीत नाही, पेट्रोल पीत नाही. मग तिच्यावरच राग का? टाळ्या दोघांनाही पडतील. परीक्षकाच्या खुर्चीत मी असलो, तर मात्र दोघांनाही एकच प्रश्न विचारीन : ‘तुम्ही सांगता ते कोणी मोजले आहे काय?’

हा वाद कल्पनेतला नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मरीन नावाचा परगणा आहे. तेथे माउंट टॅमलपायस हा सुमारे ७८५ मीटर उंचीचा डोंगर आणि त्याच्या आसपासची दऱ्याखोऱ्यांची, झाडीने भरलेली राने आहेत. त्यांतला बराच भाग पाणलोट क्षेत्र म्हणून राखलेला आहे. खालच्या तलावांतून परगण्याला पिण्याचे पाणी मिळते. १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथील तरुणांना एक नाद लागला. १९३० ते १९४० च्या सुमाराच्या जाड टायरांच्या, बोजड सायकली कुठून तरी मिळवायच्या, त्या डोंगरावर चढवायच्या आणि वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या मातीच्या रस्त्यांवरून भरधाव खाली सोडायच्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या अशाच एका रस्त्यावर त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. शर्यती भरविणारा चार्ली केली, त्यांत उतरणारे गॅरी फिशर, जो ब्रीझ ही नावे आज डोंगरी सायकलीच्या इतिहासात सापडतात. पुढे थोड्याच दिवसांत ब्रीझने खास डोंगरासाठी नवी सायकल बांधली आणि आज बाजारात दिसणाऱ्या ‘माउंटन बाइक’ची वंशावळ सुरू झाली.

त्या रस्त्याला या मंडळींनी ‘रीपॅक’ असे नाव दिले होते. ‘रीपॅक’ म्हणजे पुन्हा भरणे. काय भरणे, ते ऐका. जुन्या सायकलींना पेडल उलटे फिरवले की लागणारा ब्रेक असे. तो मागच्या चाकाच्या हबमध्ये बसविलेला. एकदा खाली उतरून आले की हबमधले ग्रीस जळून त्याचा धूर झालेला असे; नवे ग्रीस भरल्याशिवाय पुढची फेरी नाही!

ग्रीस का जळत होते याचा हिशेब तुम्ही नववीच्या भौतिकशास्त्रावर करू शकता. रस्ता सुमारे ३ किलोमीटर लांब, आणि तेवढ्यात उतार सुमारे ४०० मीटरचा. स्वार आणि सायकल मिळून ९० किलोग्रॅम धरा. स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची : ९० × ९.८ × ४००, म्हणजे सुमारे ३,५०,००० जूल. एक लिटर थंड पाणी उकळीला आणावयास जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते. खाली पोचल्यावर सायकल थांबली, म्हणजे ही सारी ऊर्जा कोठे तरी गेलीच पाहिजे. काही हवेच्या विरोधात गेली, काही खडखडाटात. उरलेली मुठीएवढ्या हबमध्ये उष्णता होऊन बसली.

हा हिशेब मी गंमत म्हणून दिलेला नाही. पुढे तो आपल्या उपयोगी पडणार आहे. ब्रेक हलका लावला व चाक फिरत राहिले, तर ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. ब्रेक करकचून लावला आणि चाक जागीच अडकले, तर ते फरफटत जाते, आणि मग तीच ऊर्जा टायर व माती यांच्यामध्ये खर्च होते. फिरत्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी जमिनीच्या दृष्टीने स्थिर असतो. तो माती दाबतो, पण खरवडत नाही. अडकलेले चाक नांगरासारखे काम करते.

दहा-पंधरा तरुण होते तोवर कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९८० नंतर डोंगरी सायकली कारखान्यांतून हजारोंनी बाहेर पडू लागल्या आणि त्याच डोंगरांवर पायी फिरणारे, घोड्यावरून फिरणारे आणि सायकलवाले यांचे खटके उडू लागले. वळणावर अवचित समोर येणारी सायकल पाहून म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धस्स होते, ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद रस्त्यांवर वेगाची मर्यादा आली : ताशी सुमारे २४ किलोमीटर, आणि आंधळ्या वळणावर ताशी ८. मर्यादा पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी वनरक्षक वेग मोजण्याचे रडारयंत्र हाती घेऊन उभे राहू लागले. सबंध देशापुरते पाहिले, तर १९६४ च्या कायद्याने ‘वन्य प्रदेश’ म्हणून घोषित झालेल्या जंगलांत यांत्रिक वाहतुकीस बंदी होती. सायकल यंत्र की नव्हे यावर बराच काथ्याकूट झाला आणि १९८४ मध्ये तेथील वनखात्याने ते आहे असे ठरवून सायकलींना दार बंद केले. घोड्यांना ते उघडेच राहिले. घोडा सजीव आहे, यंत्र नाही, हे खरे. पण मातीला हा फरक कळतो काय?

आता मोजणाऱ्यांकडे वळू. माँटाना राज्यातल्या डोंगरवाटांवर जॉन विल्सन आणि जोसेफ सेनी यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्यांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. वाटेचे लहान लहान तुकडे आखायचे. काहींवरून माणसे चालवायची, काहींवरून घोडे, काहींवरून मोटारसायकली, काहींवरून साध्या सायकली. मग त्या तुकड्यांवर यंत्राने कृत्रिम पाऊस पाडायचा आणि वाहून येणाऱ्या पाण्यात किती माती येते ती पाहायची. किती सरळ युक्ती! निष्कर्ष असा निघाला, की वाहून जाण्याजोगी सुटी माती चाकांपेक्षा घोड्यांनी आणि पायी चालणाऱ्यांनी जास्त केली होती. वाट आधी भिजलेली असेल तर हा फरक अधिकच ठळक होता.

दुसरा प्रयोग कॅनडातील ऑंटारिओ प्रांताचा. बॉइन व्हॅली या उद्यानातील पानझडी जंगलात थर्स्टन आणि रीडर यांनी, जेथे वाट नव्हती अशा जमिनीवर, नव्याने फेऱ्या करविल्या : कोठे २५, कोठे ७५, कोठे २००, कोठे ५००, आणि तुलनेसाठी काही पट्टे अगदी अस्पर्श ठेवले. काही पट्ट्यांवर माणसे चालली, काहींवर सायकली गेल्या. रोपांची संख्या, वनस्पतींच्या जाती आणि उघडी पडलेली माती, तिन्ही मोजली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाय आणि चाक यांच्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. नुकसान दोघांनीही केले, पण ते वाटेच्या मध्यरेषेपासून सुमारे ३० सेंटिमीटरच्या आतच राहिले.

तुम्हाला हे आश्चर्याचे वाटेल. मलाही प्रथम वाटले होते. पण दाबाचा हिशेब करून पाहा. ६० किलोचा मुलगा आणि १५ किलोची सायकल, मिळून ७५. जाड टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो. म्हणजे दोन्ही टायर मिळून जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ ढोबळमानाने ३७ ते ३८ चौरस सेंटिमीटर. एका टायरखाली सुमारे एका काडेपेटीएवढे. आता तोच मुलगा पायी चालू लागला. पाऊल टाकताना क्षणभर त्याचा सारा भार एका टाचेवर येतो. टाचेचे टेकणारे क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर धरा. दाब पुन्हा तेवढाच, २ किलो! वर पाऊल उचलताना आपण माती मागे ढकलतो ते निराळेच.

तेव्हा सायकलवाल्यांनी जल्लोष करावा काय? थांबा. अनेक सायकलप्रेमी या दोन प्रयोगांकडे निर्दोष सुटकेच्या निकालपत्राप्रमाणे बोट दाखवितात, ते मला पटत नाही. प्रयोगातली फेरी ही ठरवून केलेली फेरी असते. रानात आलेला सोळा वर्षांचा मुलगा ठरवून फेरी करीत नाही. तो उतारावर सायकल सोडतो, वळणापाशी ब्रेक करकचतो आणि मागचे चाक फरफटवीत नेतो. त्यातच त्याला मजा वाटते. वरचा ऊर्जेचा हिशेब येथे आठवा. शिवाय पाऊल एक एक खळगा करते, तर चाक अखंड खाच पाडते. आपल्या भाषेत बैलगाडीच्या चाकाने पडलेल्या अशा खाचेला ‘चाकोरी’ हा सुरेख शब्द आहे. खळग्यात पाणी साचते; चाकोरीतून ते धावते.

आणि धावणारे पाणी हाच या गोष्टीतला खरा आरोपी आहे. पाय किंवा चाक माती फक्त सुटी करते, ती वाहून नेते पाणी. जुना ढोबळ नियम असा, की प्रवाहाचा वेग दुप्पट झाला म्हणजे तो ६४ पट वजनाचा दगड ढकलू शकतो. वेगाच्या सहाव्या घाताशी हे प्रमाण जोडलेले आहे. म्हणून वाटेवरच्या पाण्याला वेग येऊ न देणे यात सारी किमया आहे.

हे कसे साधावयाचे ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. तो नांगरट उताराला आडवी करतो. माळरानावर समतल चर खणतात तेही याच हिशेबाने. चांगली डोंगरवाट अशीच आडवी काढलेली असते. वाटा बांधणारी जाणती माणसे दोन साधे आडाखे सांगतात. पहिला : वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नको. टेकडी १०० मीटरला २० मीटर उतरत असेल, तर वाट १०० मीटरला १० मीटरहून जास्त चढता कामा नये. दुसरा : सबंध वाटेचा सरासरी चढ शेकडा दहाच्या आसपास असावा, जास्त नको. पहिला आडाखा मोडला, म्हणजे वाट पाण्याच्या स्वतःच्या वाटेशी जुळू लागते. वरून आलेले पाणी तिला ओलांडून खाली निघून जाण्याऐवजी तिच्यातच शिरते आणि दोनतीन पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. मग लोक ओहोळ टाळून शेजारून चालतात, सायकलीही शेजारून जातात, आणि एका वाटेच्या तीन होतात. याशिवाय वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित झुकता ठेवतात आणि मधूनमधून वाट जराशी वर चढवून पुन्हा उतरवितात. त्या खोलगट जागी साचलेले पाणी बाजूला उतरून जाते.

गंमत अशी, की जी वाट पाण्याला वेग घेऊ देत नाही ती सायकललाही देत नाही. उतार सौम्य असेल तर ब्रेक करकचण्याची वेळच कमी येते. ‘रीपॅक’चा सरासरी उतार काढून पाहा : ४०० भागिले ३०००, म्हणजे शेकडा तेराच्या वर. तो रस्ता मुळी सायकलींसाठी नव्हता आणि पाण्यासाठीही नव्हता; आग विझवणाऱ्या गाड्यांना लवकर पोचता यावे म्हणून होता.

एवढ्यावर मी निकाल देऊन मोकळा झालो असतो : चाक निर्दोष, वाट दोषी. परंतु जंगल म्हणजे केवळ माती नव्हे.

युटा राज्यातील खाऱ्या पाण्याच्या मोठ्या सरोवरात अँटिलोप नावाचे बेट आहे. तेथे टेलर आणि नाइट या संशोधकांनी गवे, हरणे आणि प्राँगहॉर्न नावाचे चपळ प्राणी माणसाला पाहून किती अंतरावरून उठून पळतात ते मोजले. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पायी माणूस आणि सायकलवरचा माणूस यांच्यात प्राण्यांनी विशेष भेद केला नाही. वाटेपासून १०० मीटरच्या आत असलेला प्राणी पळण्याची शक्यता शेकडा ७० होती. पण माणूस वाट सोडून आत शिरला तर? १०० मीटरच्या आतल्या हरणांपैकी शेकडा ९६ पळण्याची शक्यता, आणि ती ७० पर्यंत खाली यायला ३९० मीटर अंतर लागले. प्राण्याला जणू कळते, की वाटेवरचा माणूस वाटेवरच राहील. वाट सोडलेल्याचा भरवसा नाही. तेथे येणाऱ्या लोकांनाही संशोधकांनी विचारले होते. सुमारे निम्म्या लोकांना आपल्यामुळे प्राण्यांना काही त्रास होतो असे वाटतच नव्हते!

येथेही सायकलवाले म्हणतील, ‘पाहा, पायी माणसाएवढाच आमचा त्रास.’ एका भेटीपुरते ते खरे. पण पायी माणूस तासाला चार किलोमीटर जाईल, तर सायकल सहज दहा-बारा. एका सकाळी ती तिप्पट वाट तुडविते, म्हणजे तिप्पट प्राण्यांना उठविते. ‘दर भेटीस’ आणि ‘दर तासास’ ही दोन निराळी मापे आहेत. वादात ज्याला जे सोयीचे असते ते माप तो पुढे करतो. शिक्षकांनी वर्गात हे उदाहरण जरूर घ्यावे असे मी सुचवीन.

अँटिलोप बेट उघडे, गवताळ आहे. दाट झाडीत अंतरे कमी येतील. पण हिशेबाची रीत तीच. वाटेच्या दोन्ही अंगांना शंभर शंभर मीटर धरले, तर एक किलोमीटर वाट २० हेक्टर जंगल अस्वस्थ ठेवते. सिंगापूरमधील बुकित तिमाह हे सदाहरित वर्षावन पाहा. सबंध राखीव क्षेत्र सुमारे १६३ हेक्टरांचे, म्हणजे पावणेदोन चौरस किलोमीटरांपेक्षाही कमी. तेथे सायकलींना सुमारे ६ किलोमीटरची वाट दिली आहे. युटाचा आकडा तसाच लावला तर ६ किलोमीटरांचे १२० हेक्टर होतात! हरणांचा आकडा वर्षावनातल्या माकडांना लावणे शास्त्रीय नाही, हे मान्य. पण लहान जंगलात वाटेची प्रत्येक लांबी किती महाग पडते ते यावरून दिसते. तेथे ही सायकलवाट जंगलाच्या पोटातून न नेता कडेकडेने फिरविली आहे, आणि शिखराकडे जाणाऱ्या पायवाटांवर सायकलींना बंदी आहे. आणि त्या पायवाटांचे काय झाले? माणसांच्या पावलांनी त्या एवढ्या झिजल्या, उतार एवढे सैल झाले, की सप्टेंबर २०१४ पासून ऑक्टोबर २०१६ पर्यंत टेकडी दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागली. उतारांना आधार दिले, झिजलेल्या वाटा नीट केल्या, काही ठिकाणी जमिनीपासून उंच फळ्यांच्या वाटा केल्या. चाक तेथे गेलेलेच नव्हते.

तेव्हा माझे मत सांगतो. तुमचे निराळे असू शकेल. ‘सायकल की पाय’ हा झगडा मला दुय्यम वाटतो. राखीव जंगलात किती किलोमीटर वाटा असाव्यात, त्या कोठून जाव्यात आणि त्या कोणी काढाव्यात, हे आधी ठरले पाहिजे. जंगलाच्या गाभ्यात कोणाचीच वाट नको. पायी हिंडणाऱ्या माझ्यासारख्याचीही नको. कडेने मोजक्या, आडव्या काढलेल्या वाटा असाव्यात आणि त्यांतल्या एकदोन सायकलींना द्याव्यात, वेगाच्या मर्यादेसह. पाऊस चालू असताना आणि वाट ओली असताना त्या सर्वांना बंद ठेवाव्यात. मुलांना जंगलात येऊच न देणे मला मान्य नाही. ज्याने रान कधी पाहिले नाही तो पुढे मोठा होऊन त्यासाठी चार शब्द कशाला बोलेल?

पण एका बाबतीत मी सायकलवाल्यांवर अजिबात दया करणार नाही. काही उत्साही मंडळी रात्री-बेरात्री कुदळी घेऊन रानात शिरतात, आपल्या उड्यांसाठी नव्या वाटा काढतात, झाडांची मुळे तोडतात, मातीचे उंचवटे रचतात. अशा चोरवाटा अनेक देशांतल्या राखीव जंगलांची डोकेदुखी झाल्या आहेत. अशी वाट बहुधा सरळ उताराने जाते, कारण वेग हवा असतो. म्हणजे पाण्याला आयता ओहोळ मिळतो. ती जंगलाच्या अशा भागात जाते जेथे प्राण्यांनी माणूस अपेक्षिलेला नसतो. आणि नव्या जमिनीवर पहिल्या काही फेऱ्यांतच बरेचसे नुकसान होऊन जाते. रुळलेल्या वाटेवर आणखी शंभर सायकली गेल्या तर त्या मानाने थोडे होते. म्हणून शंभर सायकली एका जुन्या वाटेवर गेलेल्या मला चालतील, पण दहा सायकली दहा नव्या वाटांवर गेलेल्या चालणार नाहीत.

यातले काहीही माझ्या शब्दावर मान्य करू नका. तुमच्या गावाजवळच्या टेकडीवर पायवाट असेलच. तिच्यावर एक सरळ चढणारी आणि एक आडवी जाणारी अशा दोन जागा निवडा. प्रत्येक ठिकाणी वाटेच्या दोन्ही कडांना एकेक खुंटी ठोका, दोहोंमध्ये दोरी ताणून आडवी बांधा आणि दर दहा सेंटिमीटरला दोरीपासून जमिनीपर्यंतची खोली पट्टीने मोजून वहीत लिहा. मोजमाप जूनच्या आरंभी एकदा करा आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात पुन्हा, त्याच खुंट्यांवर. जागा वाटेवरच्या निवडा. मोजण्यासाठी झाडीत शिरू नका. खुंट्या मात्र गुरे उपटणार नाहीत एवढ्या खोल ठोका आणि दोरी काम झाल्यावर सोडून घरी आणा.